लिनक्सचे आपोआप अपडेट: चालू ठेवू की बंद करू? कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या गावांत मी लोकांना लिनक्स बसवून देतो आणि नंतर अडलं-नडलं तर मदतही करतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला, तेव्हापासून शाळा, वाचनालयं, होमस्टे, आंब्याचे व्यापारी असे बरेच जण जुनी मशीन घेऊन लिनक्सकडे वळले. मला सगळ्यात जास्त विचारणा होते ती अपडेटबद्दल. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा उत्तरं एका जागी असावीत, म्हणून हे पान.

माझं मत आधीच सांगतो. सुरक्षेचे अपडेट बंद करू नका. ते कधी यावेत आणि कोणत्या इंटरनेटवरून यावेत, एवढं मात्र तुम्ही ठरवा.

एक सूचना: आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. मधली मोकळी जागा, टिंब आणि आडव्या रेघा जशाच्या तशा ठेवा.

१. आपोआप अपडेट म्हणजे नक्की काय होतं? आणि कधी होतं?

यात तीन कामं आहेत. नवीन काय आलंय त्याची यादी आणणं, पॅकेज (म्हणजे प्रोग्रामचं गाठोडं) उतरवून घेणं आणि ते बसवणं. ही तिन्ही वेगवेगळी चालू-बंद करता येतात. बरेच जण ती एकच समजतात आणि तिथेच घोळ होतो.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात यादी दिवसातून दोनदा, ठरावीक नसलेल्या वेळी आणली जाते. बसवण्याचं काम सकाळी सहा ते सातच्या दरम्यान असतं. त्या वेळी मशीन बंद असेल तर राहिलेलं काम मशीन सुरू केल्यावर लगेच हाती घेतलं जातं. आपल्याकडे दुकान किंवा वाचनालय नऊ-दहाला उघडतं, म्हणून “सकाळी पहिली दहा मिनिटं कॉम्प्युटर जड चालतो” ही तक्रार येते. मशीन बिघडलेलं नसतं, ते आपलं राहिलेलं काम उरकत असतं.

२. लिनक्सला व्हायरस लागत नाही म्हणतात. मग अपडेट कशाला?

विंडोजवर फिरणारे बहुतेक व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत हे खरं. पण लिनक्सच्या प्रोग्राममध्येही चुका निघतात. जानेवारी २०२२मध्ये ‘पवनकिट’ नावाची चूक जाहीर झाली. पीकेएक्झेक नावाच्या एका छोट्या प्रोग्राममध्ये ती २००९पासून होती. तिचा फायदा घेऊन मशीनवरचा कुठलाही साधा वापरकर्ता पासवर्ड न देता मशीनचा पूर्ण मालक होऊ शकत होता. आता वाचनालयातला कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. दिवसभर वीस मुलं एकाच खात्यावर बसतात. दुरुस्ती आली, पण ती बसली फक्त अपडेट चालू असलेल्या मशीनवर.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मार्च २०२४मध्ये एक्सझेड नावाच्या प्रोग्रामच्या अगदी नव्या आवृत्तीत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं. ती आवृत्ती चाचणीतल्या आणि अगदी ताज्या प्रणालींपर्यंतच पोचली होती. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सची ‘स्टेबल’ म्हणजे स्थिर आवृत्ती त्यातून वाचल्या. म्हणून गावात मशीन बसवताना मी जुनी, मुरलेली आवृत्ती बसवतो आणि तिचे सुरक्षेचे अपडेट आपोआप ठेवतो.

३. माझ्या उबुंटूवर अपडेट चालू आहेत की बंद, कसं बघायचं?

‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडा आणि ‘अपडेट्स’च्या पानावर जा. उबुंटू २२.०४ आणि २४.०४ दोन्हींत ते आहे. सुरक्षेच्या अपडेटसमोर ‘डाउनलोड अँड इन्स्टॉल ऑटोमॅटिकली’ दिसलं तर चालू आहे. उबुंटू मुळातच तसं येतं.

सेटिंग चालू दिसतंय म्हणजे काम होतंयच असं मात्र नाही. त्याची खातरजमा नोंदवहीत होते. /व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स या फोल्डरमधली नोंद उघडा आणि शेवटची तारीख बघा. ती दोन महिन्यांपूर्वीची असेल तर कुठेतरी अडलंय. बहुतेक वेळा कारण प्रश्न ८, १० किंवा १८मध्ये सापडेल.

४. बंद असलेले परत चालू कसे करायचे?

वरच्याच पानावर ‘ऑटोमॅटिकली चेक फॉर अपडेट्स’ला ‘डेली’ निवडा आणि सुरक्षेच्या अपडेटला ‘डाउनलोड अँड इन्स्टॉल ऑटोमॅटिकली’. बाकीच्या अपडेटसाठी ‘डिस्प्ले वीकली’ पुरेसं आहे.

डेबियनवर हे पान नसेल तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) आधी सुडो ॲप्ट इन्स्टॉल अनअटेंडेड-अपग्रेड्स द्या, मग सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर अनअटेंडेड-अपग्रेड्स. एक प्रश्न विचारला जाईल, त्याला ‘येस’ म्हणा. यातून /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी या फोल्डरात ‘२०ऑटो-अपग्रेड्स’ नावाची फाइल तयार होते. तिच्यात दोन ओळी असतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आकडा. हा आकडा दिवसांचा असतो: १ म्हणजे रोज, ७ म्हणजे आठवड्यातून एकदा आणि ० म्हणजे बंद.

५. सगळे अपडेट कायमचे बंद करूचे आसत. कसे करू? आणि केले तर काय बिघडतला?

(मालवणातून आलेला प्रश्न, जसा आला तसाच ठेवलाय.)

‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये तपासणीला ‘नेव्हर’ करा. किंवा प्रश्न ४मधली रीकॉन्फिगरची आज्ञा देऊन ‘नो’ म्हणा. एवढ्यावरही समाधान नसेल तर सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ ॲप्ट-डेली.टायमर ॲप्ट-डेली-अपग्रेड.टायमर. स्नॅप ही प्रोग्राम बसवण्याची उबुंटूची दुसरी पद्धत. तिचा कारभार वेगळा असतो, तो यातून थांबत नाही. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

पहिल्या दिवशी काहीच बिघडणार नाही. महिनाभरानेही नाही. म्हणूनच बंद केलेलं लोक विसरून जातात. मशीनला इंटरनेट अजिबात जोडलेलं नसेल, उदाहरणार्थ फक्त वजनकाट्याची पावती छापायला ठेवलेलं असेल, तर बंद करायला माझी हरकत नाही. पण ज्या मशीनवरून तुम्ही बँकेत शिरता, होमस्टेचं बुकिंग घेता, पाहुण्यांची आधारची प्रत ठेवता, त्यावर असं करू नका. डेटा जातो म्हणून बंद करायचं असेल तर आधी प्रश्न ८ वाचा. माझ्या अनुभवात दहापैकी आठ जणांचं खरं कारण तेच निघतं.

६. माझ्याकडे लिनक्स मिंट आहे. तिथे हे पान सापडत नाही.

मिंटमध्ये ‘अपडेट मॅनेजर’ उघडा, ‘एडिट’मधून ‘प्रेफरन्सेस’ आणि तिथे ‘ऑटोमेशन’. ‘अप्लाय अपडेट्स ऑटोमॅटिकली’चं बटण तिथे आहे. मिंट ते मुळात बंद ठेवतं आणि टाइमशिफ्टने मशीनची आधीची अवस्था जपून ठेवण्याची सोय करून घ्या असं सुचवतं. हा सल्ला ऐका. अपडेटनंतर काही बिनसलं तर टाइमशिफ्ट मशीन कालच्या अवस्थेत नेऊन ठेवतं, फक्त डिस्कवर जागा मोकळी हवी.

७. फेडोरा, आर्च वगैरेंवर काय?

फेडोरात ‘सॉफ्टवेअर’ ॲपच्या मेनूत ‘अपडेट प्रेफरन्सेस’ आहे. अपडेट आधी उतरवले जातात आणि रीस्टार्ट करताना बसतात. फेडोराची एक आवृत्ती साधारण १३ महिनेच चालते, म्हणून गावातल्या मशीनवर मी ती सहसा बसवत नाही. आर्चमध्ये आपोआप अपडेटची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. ते हाताने, वाचून करायचं असतं.

८. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. अपडेटने दिवसाचा डेटा सकाळीच संपतो. काय करू?

आमच्याकडे रेंज एका खिडकीतच येते आणि पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा, तेव्हा हा त्रास मला नीट ठाऊक आहे. एकटं लिनक्स-फर्मवेअर नावाचं पॅकेज काही शे एमबींचं असतं. ते ज्या दिवशी येतं त्या दिवशी पाहुण्यांना जीपेची पावती दाखवायलाही डेटा उरत नाही.

यावर उपाय आहे आणि त्यासाठी अपडेट बंद करावे लागत नाहीत. ‘सेटिंग्ज’मध्ये वायफाय उघडा, तुमच्या हॉटस्पॉटच्या नावापुढच्या चाकावर क्लिक करा आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मीटर्ड म्हणजे मोजून मिळणारं इंटरनेट. अशा जोडणीवर उबुंटूचे आपोआप अपडेट उतरतच नाहीत. यादी तेवढी येते, तिला थोडाच डेटा लागतो. अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट लिनक्स बऱ्याचदा स्वतःच ओळखतो, पण सिम घालून चालवायचे छोटे वायफाय राउटर त्याला ओळखता येत नाहीत. तिथे ही खूण हातानेच करावी लागते.

मग अपडेट कधी होणार? आठवड्यातून एकदा मशीन फायबर असलेल्या ठिकाणी न्या, मग ती शाळा असो, ग्रामपंचायत असो की शेजारचं घर. लॅपटॉप असेल तर हे सोपं. तिथल्या वायफायवर मीटर्डची खूण नसते, त्यामुळे अर्ध्या तासात सगळं आपोआप पार पडतं. जाताना चार्जर विसरू नका. बॅटरीवर असताना उबुंटू अपडेट करत नाही.

९. अपडेट बंद केले तरी फायरफॉक्स बदलतोच. हे कुठून येतं?

स्नॅपमधून. उबुंटू २२.०४पासून फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात येतो आणि स्नॅप दिवसातून चार वेळा आपले अपडेट आपणच बघतो. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’चं तो ऐकत नाही. मोजून मिळणाऱ्या इंटरनेटवर थांबवायचा असेल तर सुडो स्नॅप सेट सिस्टम रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड. तीन दिवसांपुरता थांबवायचा असेल तर सुडो स्नॅप रिफ्रेश --होल्ड=७२एच. ठरवलेली मुदत संपली की तो आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि हेच चांगलं. बाहेरचं जग मशीनमध्ये शिरतं ते ब्राउझरमधूनच, म्हणून तो जुना राहू देऊ नका.

‘पेंडिंग अपडेट’ अशी पाटी दिसली तर घाबरू नका. फायरफॉक्स बंद करून थोड्या वेळाने उघडा, अपडेट होऊन जाईल.

१०. अपडेट चालू असतानाच वीज गेली. आता मशीन गेलं का?

बहुधा नाही. जुलैत एका गावच्या वाचनालयातून संध्याकाळी फोन आला. जाऊन बघतो तर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, वीज नुकतीच परत आली होती आणि पडद्यावर एकच ओळ: डीपीकेजीचं (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामचं) काम मध्येच तुटलं, पुढची आज्ञा हाताने द्या. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “सगळी नोंदणी गेली हो.” कुठेही काही गेलेलं नव्हतं. ती ओळ जे सांगत होती तेच केलं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

वीस-एक ओळी सरकल्या. त्यानंतर सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल, आणि मशीन पूर्ववत. एवढ्यात का भागलं, तेही सांगतो. उबुंटू आपोआप अपडेट छोट्या छोट्या तुकड्यांत करतो आणि कुठलं पॅकेज कुठवर आलं याची नोंद डीपीकेजी ठेवत जातो. अर्ध्यावर राहिलेलं काम त्याला तिथूनच उचलता येतं. तुमच्या फाइलींना तो हात लावत नाही.

मशीन चालूच होत नसेल तर सुरू करताना शिफ्ट धरा, नव्या मशीनवर एस्केप दाबा. मेनू आला की ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. अशा वेळेसाठीच जुना कर्नल ठेवलेला असतो. तोही चालला नाही तर ‘रिकव्हरी मोड’मध्ये ‘डीपीकेजी’ नावाचा पर्याय आहे, तो वरचंच काम करतो.

११. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. मग धोका नाही ना?

इथे एक मेख आहे. लॅपटॉपला कळतं की आपण बॅटरीवर आलो, आणि तो अपडेट सुरू करत नाही. इन्व्हर्टरवरच्या डेस्कटॉपला मात्र वीज गेलीय हे कळतच नाही. त्याच्या दृष्टीने वीज आहेच. त्यामुळे इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजत असतानाही तो निवांत कर्नल बसवायला घेऊ शकतो.

२०२०च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. असा इशारा आला की दोन-तीन दिवसांपुरती तपासणी ‘नेव्हर’ करून ठेवा आणि परत चालू करायची आठवण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तात्पुरतं बंद करण्यासाठी मला पटणारं हे एक कारण.

१२. लिनक्सला रीस्टार्ट लागत नाही ना?

कर्नल बदलला की लागतो. नवा कर्नल डिस्कवर बसलेला असतो, पण रीस्टार्ट होईपर्यंत चालू असतो तो जुनाच. उबुंटू स्वतःहून रीस्टार्ट करत नाही, मुळात ते बंदच असतं. संध्याकाळी मशीन नीट बंद करून घरी जात असाल तर वेगळं काही करायला नको. महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या मशीनसाठी ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ फाइलमध्ये आपोआप रीस्टार्ट आणि त्याची वेळ ठरवता येते.

१३. काही इन्स्टॉल करायला गेलो की “लॉक मिळत नाही” असं येतं.

मागे आपोआप अपडेट चालू आहे. चहा घेऊन या. लॉकची फाइल पुसून टाका असा सल्ला मिळाला तर तो ऐकू नका. एकाच वेळी दोघांनी लिहिलं तर नोंदवहीच बिघडते, आणि मग प्रश्न १०मधल्या उपायानेही भागेलच असं नाही. तासभरातही लॉक सुटला नाही तर मशीन रीतसर बंद करून परत सुरू करा.

१४. अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला. फक्त तेवढंच थांबवता येईल का?

येईल, आणि सगळं बंद करण्यापेक्षा हाच मार्ग बरा. सुडो ॲप्ट-मार्क होल्ड, आणि पुढे पॅकेजचं नाव. आपोआप अपडेटही त्या पॅकेजला वगळतात. सोडवायला होल्डच्या जागी अनहोल्ड. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या यादीत त्या ओळीवर उजवं क्लिक करून दुर्लक्ष करायचा पर्याय निवडा. नेमकं कोणतं पॅकेज बदललं हे /व्हार/लॉग/ॲप्ट मधल्या इतिहासाच्या फाइलीत तारखेसकट मिळतं. थांबवलेलं पॅकेज मशीनवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

१५. क्रोम आपोआप अपडेट का होत नाही?

आपोआप अपडेट मुळात उबुंटूच्या स्वतःच्या भांडारापुरते (जिथून पॅकेज उतरतात त्या जागेपुरते) असतात. क्रोमचं भांडार वेगळं असतं, म्हणून ते आपोआप बसत नाही, फक्त ‘सॉफ्टवेअर अपडेटर’च्या यादीत दिसतं. आठवड्यातून एकदा तो उघडून पासवर्ड द्या आणि बसवा. बाहेरून जोडलेल्या बाकीच्या भांडारांचंही असंच.

१६. आपोआप अपडेटने एक दिवस २२.०४चं २४.०४ होईल का?

नाही. आवृत्ती बदलणं वेगळं, ते तुम्हाला विचारल्याशिवाय होत नाही. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं मोफत सुरक्षा अपडेट मिळतात. २२.०४ला २०२७पर्यंत आणि २४.०४ला २०२९पर्यंत. त्यापुढे उबुंटू प्रो आहे, वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत तेही मोफत. मुदत संपल्यावर आपोआप अपडेट चालू असूनही येणार काहीच नाही, हे लक्षात असू द्या. आवृत्ती बदलायला काही जीबी डेटा आणि दोन तास अखंड वीज लागते. भर पावसात हे काम काढू नका, गणपती होऊन जाऊ द्या.

१७. वाचनालयात सहा मशीन, इंटरनेट एकच. सहा वेळा तेच उतरवायचं?

नको. एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा आणि बाकीच्या पाचांना त्याचा पत्ता द्या. पॅकेज एकदाच बाहेरून येतं, पुढे आतल्या आत वाटलं जातं. ते मशीन सकाळी सगळ्यांत आधी सुरू करायचं. स्नॅप यातून येत नाहीत, त्यांचा डेटा वेगळा धरा.

१८. आंब्याच्या हंगामापुरताच कॉम्प्युटर लावतो. मार्चमध्ये लावला की अपडेट होतच नाही, नुसत्या चुका दाखवतो.

आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. आठ-नऊ महिने मशीन बंद राहिलं, त्यात आपली खारी दमट हवा, की ती संपते आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग आजची यादी मशीनला भविष्यातली वाटते. “ही अजून लागू झालेली नाही” अशा अर्थाचा निरोप देऊन ते यादी नाकारतं. ब्राउझरही बँकेचं पान उघडत नाही. तारीख-वेळ नीट करा आणि सुडो ॲप्ट अपडेट द्या, यादी सुरळीत येते. बॅटरी सीआर२०३२ नावाची असते, घड्याळवाल्याकडेही मिळते.

तारीख बरोबर असूनही मशीन अडत असेल तर थोपलेले अपडेट एकदम यायला लागलेत. म्हणून पहिली पेटी भरायच्या दिवशी मशीन उघडू नका. दोन दिवस आधी लावा, चांगल्या इंटरनेटला जोडा, सगळं बसू द्या, एकदा रीस्टार्ट करा आणि प्रिंटरवर एक कोरी पावती काढून बघा.